भाऊसाहेबांचा तोतया आणि पार्वतीबाईंचं कुंकू

 

लहानपणी आपल्या गावात बहुरूपी यायचा, आठवतं? खाकी कपडे, डोक्याला टोपी, हातात दंडुका. दारात उभा राहून दम द्यायचा, तुमच्या नावानं वॉरंट निघालंय, चला चौकीवर. घरातली नवी सून घाबरून आत पळायची आणि सासू पदर तोंडाला लावून हसायची. शेवटी बहुरूपी स्वतःच हसायचा, झोळी पुढे करायचा, आणि आपण सुपातलं दाणागोटा त्याच्या झोळीत घालायचो. त्याचं सोंग सगळ्यांना कळायचं. कळावं म्हणूनच तो ते करायचा.

पण सोंगाची दुसरी एक जात आहे. ती कळू नये म्हणून केलेली असते. त्या माणसाला आपल्या भाषेत बहुरूपी म्हणत नाहीत, तोतया म्हणतात.

आज हा विषय घ्यायचं कारण सांगतो. मागे एका गटातल्या ताईंचा आम्हाला फोन आला. त्यांच्या मुलानं मोबाईलवर जुनी मोटारसायकल विकायला आहे असं पाहिलं. विकणारा म्हणाला, मी फौजेत आहे, बदली झालीय, म्हणून गाडी स्वस्तात देतोय. त्यानं गणवेशातला फोटो पाठवला, ओळखपत्र पाठवलं, बोलताना दर वाक्याला जय हिंद म्हणाला. मुलानं पैसे पाठवले. गाडी काही आली नाही. ताई आम्हाला म्हणाल्या, "पैसे गेले ते गेले. पण फौजी खोटं बोलेल असं मनातच आलं नाही हो."

या वाक्यानं आम्ही विचारात पडलो. आपल्या भागात घरटी कुणी ना कुणी फौजेत आहे. फौजी म्हटलं की आपण उठून पाट देतो. तोतया नेमका तिथेच हात घालतो. आणि हे आजचं नाही. मराठी मुलखानं याची फार मोठी किंमत एकदा मोजली आहे. ती गोष्ट शाळेत एका ओळीत संपते. आज ती जरा सावकाश सांगायची आहे, आणि ती घरातल्या बाईच्या बाजूनं सांगायची आहे.

पानिपतावर काय हरवलं

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांची लढाई झाली. मराठ्यांचे सेनापती होते सदाशिवरावभाऊ. चिमाजीअप्पांचे चिरंजीव आणि नानासाहेब पेशव्यांचे चुलतभाऊ. नानासाहेबांचा तरुण मुलगा विश्वासराव त्यांच्याबरोबर होता. दुपारी विश्वासरावाला गोळी लागली, तो पडला. भाऊसाहेब घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. मग ते कुणाला दिसले नाहीत. संध्याकाळपर्यंत फौज मोडली. आजही एखाद्याचं सगळं बुडालं की आपण त्याचं पानिपत झालं म्हणतो, ते या दिवसावरून.

या फौजेबरोबर बायकाही होत्या. सरदारांच्या घरच्या होत्या, यात्रेला म्हणून निघालेल्या होत्या, दळणकांडण करणाऱ्याही होत्या. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई छावणीतच होत्या. त्या पळापळीतून वाचल्या आणि पुढे पुण्याला परत आल्या. ज्या बाया आणि माणसं कशीबशी दक्षिणेकडे निघाली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना भरतपूरच्या सूरजमल जाटानं आसरा दिला, अन्न दिलं, कपडे दिले. ही गोष्ट आपण विसरू नये.

नानासाहेब पेशवे मदतीला म्हणून उत्तरेकडे निघाले होते. त्यांना वाटेत एक चिठ्ठी मिळाली, असं सांगतात. ती व्यापाऱ्याच्या भाषेत होती. त्यात लिहिलं होतं की दोन मोती गेले, सोन्याच्या मोहरा गेल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे मोठे सरदार. आणि खुर्दा म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको. आपल्यासारख्याच घरांतली माणसं होती ती. ज्यांची मोजदाद झाली नाही, त्यांच्या बायकांना चिठ्ठीही आली नाही. धनी कधी येतो याची वाट बघत किती जणींनी जन्म काढला असेल, ते कुठल्या बखरीत लिहिलेलं नाही.

नानासाहेब खचले. त्याच वर्षी जून महिन्यात पुण्याला पर्वतीवर त्यांचं निधन झालं.

बातमी आली, देह आला नाही

आता मुद्द्याची गोष्ट. भाऊसाहेब लढाईत पडले, याची खात्री तिकडे रणांगणावर झाली होती. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूनं लढला होता. त्याच्या पदरी काशीराज नावाचे पंडित होते. त्यांनी त्या दिवसांची हकिकत लिहून ठेवली आहे. भाऊसाहेबांचा देह प्रेतांच्या राशीत शोधावा लागला. देहाला शिर नव्हतं. अंगावरच्या जुन्या खुणांवरून ओळख पटवली गेली आणि तिथेच अंत्यसंस्कार झाले.

पण हे सगळं झालं पुण्यापासून शेकडो कोसांवर. पुण्यात कुणी देह पाहिला नाही. घरच्या कुणी अग्नी दिला नाही. मैत्रिणींनो, ज्या घरातलं माणूस परमुलखात गेलं आणि परत आलं नाही, त्या घराला हे समजेल. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मन मानत नाही. ओळख पटवणाऱ्यांची चूक झाली असेल, कुठे जखमी होऊन पडले असतील, कुणी लपवून ठेवलं असेल, असं वाटत राहतं.

पार्वतीबाईंनी भाऊसाहेब गेले हे मानलं नाही. त्यांनी कुंकू पुसलं नाही, सौभाग्यलेणं उतरवलं नाही.

आज ऐकताना हे साधं वाटेल. पण त्या काळात, त्या घरात, नवरा गेल्यावर बाईचं काय व्हायचं ते आठवा. केशवपन व्हायचं, अंगावर एकच साधं लुगडं उरायचं, शुभकार्यात पुढे यायचं नाही. काही जणी सती जात. याच पेशव्यांच्या घरात पुढे १७७२ साली माधवराव पेशवे थेऊरला वारले, तेव्हा रमाबाई सती गेल्या. अशा घरात एक बाई म्हणते की माझा नवरा जिवंत आहे आणि मी सवाष्ण आहे. घरातले वडीलधारे तिच्या शब्दाला हात लावत नाहीत. तिला मान देऊनच वागवतात. यात तिचं प्रेम होतं, तिची आशा होती, आणि आम्हाला वाटतं, तिचा हट्टही होता. माझं कुंकू दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून पुसलं जाणार नाही, असा हट्ट.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पार्वतीबाईंच्या मागे कुठलाही ठराव नव्हता.

तोतया येतो

पानिपताला दोन-चार वर्षं होतात न होतात तोच उत्तरेकडून बातमी आली की भाऊसाहेब जिवंत आहेत. एक माणूस म्हणत होता, मीच सदाशिवरावभाऊ. काही लोक त्याच्याभोवती जमलेही. माधवराव पेशव्यांनी त्याला पकडून आणवलं. चौकशी झाली. तो बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण निघाला, नाव सुखनिधान. त्याचं बिंग फुटलं, आणि त्याला किल्ल्यावर कैदेत टाकलं गेलं. ज्या माणसाची सगळ्यांना आस लागली होती, त्याच्यासारखं थोडंफार दिसणं एवढंच त्याचं भांडवल होतं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण संपली नाही, कारण दिवस बदलले. १७७२ साली माधवराव गेले. पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव यांचा शनिवारवाड्यात खून झाला. काका रघुनाथराव गादीवर बसले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर कारभाऱ्यांनी, ज्यांना आपण बारभाई म्हणतो, गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित नेलं. बरोबर कोण होतं? पार्वतीबाई. घरातलं मोठं, मान असलेलं माणूस म्हणून त्या त्या पोरसवदा विधवेच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १७७४ च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर मुलगा झाला. तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांचं बाळ पेशवा झालं.

आता बघा. गादीवर तान्हं मूल, रघुनाथराव इंग्रजांना जाऊन मिळालेले, खजिन्यावर ताण, आणि पुण्याच्या कारभाऱ्यांवर नाराज असलेली माणसं जागोजागी. तोतयाला याच्याहून चांगला मोसम कुठला?

तो तेव्हा रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. तिथले सुभेदार होते रामचंद्र नाईक परांजपे. १७७६ च्या सुरुवातीला या परांजप्यांनीच त्याला बाहेर काढलं आणि हेच भाऊसाहेब म्हणून जाहीर केलं. ज्याच्यावर पहारा ठेवायचा, त्यालाच पहारेकऱ्यानं मुजरा केला. मग कोकणात वणवा पेटावा तसं झालं. किल्ल्यामागून किल्ला त्याच्या ताब्यात गेला. हजारो माणसं त्याच्या फौजेत आली. तो घाटापर्यंत येऊन ठेपला.

लोकांनी विश्वास का ठेवला? आम्हाला याची तीन कारणं दिसतात.

एक, लोकांना ते खरं असावं असं वाटत होतं. पानिपताची जखम पंधरा वर्षांनीही ओली होती. सेनापती जिवंत परत आला, तर कदाचित आपलंही कुणी परत येईल, असं कितीतरी घरांना वाटलं असेल. त्या खुर्द्यातल्या घरांना.

दोन, काही जणांना ते सोयीचं होतं. भाऊसाहेब खरेच जिवंत असतील, तर पुण्याच्या कारभाऱ्यांची सत्ता आपोआप संपते. ज्यांना नाना फडणिसांचा राग होता त्यांनी तोतया खरा की खोटा याची फार चौकशी केली नाही. त्यांना तो हवा होता.

तीन, एकानं मानलं म्हणून दुसऱ्यानं मानलं. सुभेदारानं मुजरा केला, मग किल्लेदारानं केला, मग शिपायानं केला. शेवटच्या माणसाला वाटतं, एवढे मोठे लोक काय वेडे आहेत? आणि पहिल्या मोठ्या माणसानं तर आपल्या सोयीसाठी मान तुकवलेली असते.

शेवटी पुण्याहून फौज निघाली. महादजी शिंदे त्यात होते. तोतयाची जमवाजमव मोडली. तो मचव्यातून मुंबईकडे, म्हणजे इंग्रजांच्या आसऱ्याला पळाला. वाटेत कुलाब्याच्या रघुजी आंग्र्यांनी त्याला पकडलं. पुण्याला आणून पुन्हा चौकशी झाली, तो तोतया असल्याचं पुन्हा ठरलं, आणि १७७६ च्या अखेरीस त्याला देहदंड दिला गेला. परांजप्यांनाही शिक्षा झाली. पुढे न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. ते बऱ्याच जणींच्या घरातल्या जुन्या माणसांना माहीत असेल.

या बंडात लढून मेलेल्या शिपायांची नावं कुठे आहेत? तीही खुर्द्यातच गेली. एका खोट्या सेनापतीसाठी खरी माणसं मेली.

पार्वतीबाईंनी काय केलं

आता पुन्हा घरात येऊ. साऱ्या मुलखात पार्वतीबाईंइतकी भाऊसाहेबांची वाट कुणी पाहिली नव्हती. पंधरा वर्षं त्या कुंकू लावून बसल्या होत्या. तोतयाला कुणी आधी भुलायला हवं होतं, तर त्यांनी. हेच माझे यजमान, असं त्या एकदा म्हणाल्या असत्या, तर त्यांचा हट्ट जगापुढे खरा ठरला असता. त्यांना टोमणे मारणाऱ्यांची तोंडं बंद झाली असती. आणि नाना फडणिसांना तो माणूस खोटा ठरवणं फार अवघड गेलं असतं.

तसं झालं नाही. ज्या बाळाची गादी हा माणूस हिसकायला निघाला होता, त्याच बाळाच्या बाजूला पार्वतीबाई राहिल्या. आणि तोतयाला देहदंड झाला, त्या दिवशीही त्यांनी कुंकू पुसलं नाही. म्हणजे त्यांच्या लेखी मेला तो कुणी परका होता.

१७८३ साली पार्वतीबाई वारल्या. शेवटपर्यंत त्या सवाष्णच होत्या. त्यांची आशा खोटी ठरली, हे आपल्याला माहीत आहे. भाऊसाहेब १७६१ सालीच गेले होते. पण आशा खोटी असणं वेगळं आणि खोट्या माणसाला आशा विकणं वेगळं. पार्वतीबाईंनी आपली आशा विकली नाही. आम्हाला या सगळ्या इतिहासात सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते. सुभेदार चुकला, किल्लेदार चुकले, आणि ज्या बाईला लोक मागे भ्रमिष्ट म्हणत असतील, तिचं पाऊल मात्र घसरलं नाही.

खोट्याकडे कागद, खरीकडे काही नाही

तुम्ही म्हणाल, ही तर राजेरजवाड्यांची गोष्ट झाली. तर मग आपल्या आईच्या, आजीच्या काळातली ऐका.

१९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. तेव्हा सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. १९८० पासून ती सन्मान पेन्शन झाली. अट अशी होती की माणूस किमान सहा महिने तुरुंगात राहिलेला असावा, किंवा तितके दिवस भूमिगत असावा. बायकांसाठी तुरुंगाची अट तीन महिन्यांची ठेवली होती. सैनिक वारल्यावर पेन्शन पत्नीला मिळायची. योजना चांगली होती, गरजेची होती.

मराठवाड्याचा लढा तर वेगळाच. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान निजामाकडेच होतं. रझाकारांचा जुलूम चालू होता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. त्या लढ्यातले पुष्कळ लोक भूमिगत होते, सरहद्दीवरच्या छावण्यांत होते. भूमिगत माणसाचा कागद कुठे असणार? म्हणून दुसऱ्या नामांकित स्वातंत्र्यसैनिकाचा दाखला चालायचा, की हा माझ्याबरोबर होता.

त्या दाखल्यातूनच तोतये आत शिरले. बीड जिल्ह्यातल्या साडेतीनशेवर माणसांच्या पेन्शनीबद्दल तक्रार झाली की ही माणसं लढ्यात नव्हतीच, कागद बनवलेले आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००५ साली न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. खऱ्या स्वातंत्र्यसैनिकाला आदरानं वागवा, आणि त्या आदराचा फायदा लढ्यात नसलेल्यांना घेऊ देऊ नका. त्याआधी २००१ सालच्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयानं असंही म्हटलं होतं की या म्हाताऱ्या माणसांकडे फौजदारी खटल्यासारखा कडक पुरावा मागू नका. दोन्ही निकाल एकत्र वाचले की मार्ग दिसतो. खऱ्यासाठी हात सैल ठेवायचा, पण डोळे उघडे ठेवायचे.

आणि साधा हिशोब केला तरी कितीतरी गोष्टी कळतात. १९४८ साली जो पाच वर्षांचा होता, तो भूमिगत कसा होईल? हे कळायला न्यायाधीश लागत नाही. गावातली एखादी म्हातारी बोटावर मोजून सांगेल.

पण आम्हाला वेगळीच गोष्ट टोचते. जालन्याजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके रझाकारांविरुद्ध लढल्या. त्यांचं नाव निदान लोकांच्या तोंडी राहिलं. पण रात्री-अपरात्री भूमिगतांना भाकरी बांधून देणाऱ्या, चिठ्ठी चोळीत लपवून पलीकडच्या गावाला नेणाऱ्या, पोलीस आले की माणसाला कणगीत लपवणाऱ्या बायांचं काय? त्या तुरुंगात गेल्या नाहीत, त्यांच्या नावाचं वॉरंट निघालं नाही. त्यांनी स्वतःला कधी सैनिक म्हटलंही नाही. घरातलं काम केलं, एवढंच त्यांना वाटलं.

तोतयाकडे कागद होता, कारण त्यानं तो मुद्दाम तयार केला. खऱ्या बाईकडे कागद नव्हता, कारण तिचं कुणी लिहून घेतलं नाही. पानिपताचा खुर्दा मोजला नाही, आणि मराठवाड्याचाही मोजला नाही. जिथे खऱ्याची नोंद नसते, तिथे खोट्याला जागा सापडते. आणि खोटा पकडला गेला की पुढच्या खऱ्या विधवेला साहेबाच्या टेबलापुढे दहा वेळा उभं राहावं लागतं. खोट्याच्या पापाचं ओझं तिच्या डोक्यावर येतं.

मग आपण काय करायचं

सुरुवातीच्या त्या ताईंकडे परत येऊ. त्यांचं चुकलं का? फौजीवर विश्वास ठेवणं ही चूक नाही. तो विश्वास आपल्या फौजी पोरांनी हिमालयातल्या बर्फात उभं राहून मिळवलाय. आपण फक्त विचारायला शिकायचं. विचारणं म्हणजे अपमान करणं नव्हे. खरा फौजी प्रश्नाला रागावत नाही, त्याला पलटणीचं नाव, ठाणं, साल पाठ असतं. तोतया मात्र घाई करतो, भावनेला हात घालतो, आणि पैसे आधी मागतो.

माजी सैनिक म्हणून कुणी गावात आला, वर्गणी मागू लागला, नोकरी लावतो म्हणाला, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना ओळखपत्र तिथूनच मिळतं. लोकांनी आपल्याला सैनिक समजावं म्हणून सैनिकाचा गणवेश घालून फिरणं हा गुन्हा आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. फोनवरून फसवणूक झाली, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या नंबरावर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

हे झालं तोतयापासून सांभाळायचं. पण खरं काम दुसरंच आहे. आपल्या प्रत्येक गावात एखादी तरी म्हातारी आहे, जिनं पूर पाहिला, भूकंप पाहिला, दुष्काळ पाहिला, दुसऱ्याचं लेकरू वाचवलं, गावासाठी काही केलं, आणि कुणाला सांगितलं नाही. एखाद्या घरात शहीद जवानाची बायको आहे, जिच्याशी पंधरा ऑगस्टला दोन मिनिटं बोलून सगळे निघून जातात. या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हिशोबाची वही बंद झाली की दुसरी वही उघडा. अशा एका बाईजवळ बसा. तिचं नाव, गाव, कुठल्या साली काय झालं, तेव्हा आणखी कोण हजर होतं, हे लिहून घ्या. तिला आठवत नसेल तर आठवत नाही असंच लिहा. वाढवून लिहू नका. वाढवलं की आपणही तोतयाच्या वाटेला लागतो.

वही भरली की आमच्या केंद्रावर आणा. आम्ही त्या बाईंच्याच आवाजात ते ऐकवू. अडीचशे वर्षांपूर्वी कुणी अशी वही घेऊन त्या खुर्द्यातल्या बायांच्या दारात बसलं नाही. आपण बसू.

येतो आम्ही. पुढच्या वेळी भेटू.